चालत्या गाडीचा गिअर निसटणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात मोंढ्यावर माल आणणारे पिकअप, तालुक्याच्या गावाला माणसे नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, या सगळ्यांच्या चालकांची एक तक्रार सारखीच असते : गिअर पडतो, गाडी चालू लागते आणि मध्येच दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. या तक्रारीवर बहुतेक वेळा थेट गिअरबॉक्स खोलण्याचा सल्ला मिळतो. बॉक्स खोलावा लागतो हे अनेकदा खरे असते. परंतु खोलण्यापूर्वी कोणता गिअर, कोणत्या क्षणी आणि कोणत्या ओझ्याखाली निसटतो हे कळले नसेल, तर खोललेल्या बॉक्समध्ये काय शोधायचे हे मिस्त्रीलाही कळत नाही. पुढील उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

गिअर निसटला की क्लच घसरला, हे कसे ओळखावे?

दांड्याकडे पाहावे. गिअर निसटतो तेव्हा दांडा स्वतःहून न्यूट्रलला येतो, इंजिनाचा आवाज एकदम मोकळा होतो आणि गाडीची ओढ पूर्ण तुटते. क्लच घसरतो तेव्हा दांडा जागेवरच असतो. इंजिन फिरते, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही आणि चढावर जळका वास येतो. तिसरी एक शक्यता लोक विसरतात. दांडा गिअरमध्येच दिसतो, तरी ओढ पूर्ण तुटलेली असते. अशा वेळी दांड्यापासून आतल्या फोर्कपर्यंतच्या, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या चिमट्यापर्यंतच्या, जोडणीतील एखादी पिन तुटलेली किंवा सुटलेली असू शकते, किंवा एक्सलचा शाफ्ट तुटलेला असू शकतो. तो दोष वेगळा आहे आणि त्याची तपासणीही वेगळी आहे.

असा गिअर घेऊन गाडी चालवत राहणे किती धोक्याचे आहे?

सपाट डांबरी रस्त्यावर हा त्रास वाटतो, घाटात मात्र तो संकट ठरतो. बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात किंवा कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या औट्रम घाटात भरलेली गाडी इंजिनाच्या धरणीवर उतरत असते. त्याच वेळी गिअर निसटला की सगळे ओझे एका क्षणात ब्रेकवर येते. चालकाचा हात आपसूक दांड्याकडे जातो आणि तो घाईने गिअर घालू पाहतो. वेग वाढलेला असल्याने गिअर बसत नाही, नुसता खरखरतो आणि तेवढ्या वेळात वेग आणखी वाढतो. म्हणून आधी ब्रेकने वेग उतरवावा आणि वेग आटोक्यात आल्यावरच त्या वेगाला शोभेल असा गिअर घालावा. दोष दूर होईपर्यंत घाटाचा रस्ता टाळावा. गाडी उभी करतानाही केवळ गिअरच्या भरवशावर ठेवू नये. हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावावा.

गॅरेजपर्यंत न्यावीच लागली, तर निसटणारा गिअर वगळून चालवावे. तिसरा निसटत असेल, तर दुसऱ्यात थोडा वेग घेऊन चौथा टाकता येतो. इंजिनाला ते आवडत नाही, पण तेवढ्या अंतरासाठी चालते.

गॅरेजला जाण्यापूर्वी मी स्वतः काय पाहून ठेवावे?

रिकाम्या, सरळ आणि सपाट रस्त्यावर प्रत्येक गिअर स्वतंत्रपणे तपासावा. गिअर टाकून हात दांड्यावरून काढावा, ॲक्सिलरेटर जोरात दाबून गाडी ओढू द्यावी, नंतर पाय पूर्ण काढून गाडी इंजिनावर मंदावू द्यावी आणि पुन्हा दाबावा. हेच पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत करावे. शेजारी बसलेल्या माणसाने नोंद ठेवावी : कोणता गिअर निसटला, ओढताना निसटला की पाय काढल्यावर, खड्ड्यात निसटला की गुळगुळीत रस्त्यावर, गाडी थंड होती की तापलेली, रिकामी होती की भरलेली. निसटण्यापूर्वी दांडा थरथरत होता का, हेही लिहावे.

ही नोंद कागदावर नेली, तर चांगला मिस्त्री तुमचा अर्धा खर्च तिथेच वाचवतो. "गिअर सटकतो, बघा जरा" एवढेच सांगितले, तर तो बॉक्स उतरवण्यापासूनच सुरुवात करील, आणि त्यात त्याची फारशी चूकही नसेल.

गिअर एकदा पडल्यावर त्याला जागेवर कोण धरून ठेवते?

हे नीट समजले की पुढची सगळी उत्तरे सोपी होतात. आजच्या बहुतेक गाड्यांत गिअरचे दाते एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा फोर्क एका कड्याला, म्हणजे स्लीव्हला, सरकवतो आणि स्लीव्ह त्या गिअरच्या बाजूला असलेल्या छोट्या दात्यांवर जाऊन बसते. या छोट्या दात्यांना डॉग टीथ म्हणतात. तिथे स्लीव्हला तीन गोष्टी धरून ठेवतात.

पहिली गोष्ट म्हणजे दात्यांची घडण. स्लीव्हचे आणि डॉगचे दाते बाजूने अगदी सरळ नसतात; त्यांना काही अंशांचा उलटा उतार दिलेला असतो, त्यामुळे ओझे पडले की ते एकमेकांना आत ओढून घेतात. दुसरी गोष्ट म्हणजे डिटेंट : फोर्क ज्या सळईवर बसतो, त्या सळईला खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी त्या खाचेत बसते. दांडा जागेवर बसताना हाताला जो "खट्ट" जाणवतो, तो या गोळीचा. तिसरी गोष्ट म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंग, जी सगळे भाग एका रेषेत ठेवतात.

यांपैकी खरा भार पहिली गोष्ट घेते. डिटेंटची स्प्रिंग दांड्याला फक्त जागा दाखवते. चालत्या गाडीतल्या दात्यांचा जोर अडवण्याइतकी ताकद तिच्यात नसते. म्हणूनच दाते झिजलेले असताना नुसती नवी स्प्रिंग घातली, तर आराम पडतो, पण तो थोडे दिवसच टिकतो.

गिअर गाडी ओढताना निसटतो. पाय काढल्यावर निसटला असता तर अर्थ बदलला असता का?

निश्चितच बदलला असता. गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, त्यामुळे फिरताना ते शाफ्टवर पुढे किंवा मागे ढकलले जातात. इंजिन गाडीला ओढते तेव्हा हा रेटा एका दिशेने असतो, आणि पाय काढल्यावर गाडी इंजिनाला फिरवू लागते तेव्हा तो उलट्या दिशेने वळतो. डॉगच्या दात्यांचेही तसेच : ओढताना त्यांची एक बाजू दाबली जाते आणि पाय काढल्यावर दुसरी.

एकच गिअर फक्त ओढताना निसटत असेल, तर त्या गिअरच्या डॉग दात्यांची ओढीची बाजू गोल झाली आहे असे धरून चालावे. एकच गिअर फक्त पाय काढल्यावर निसटत असेल, तर दात्यांची दुसरी बाजू, किंवा त्या गिअरला शाफ्टवर मिळणारी जास्तीची मोकळीक, म्हणजे झिजलेला थ्रस्ट वॉशर (गिअरला शाफ्टवर मागे-पुढे सरकू न देणारी चकती) किंवा सैल बेअरिंग, आधी पाहावी. एकाच फोर्कवरचे दोन्ही गिअर, उदाहरणार्थ तिसरा आणि चौथा, निसटत असतील तर संशय फोर्क, त्याची सळई आणि डिटेंट यांच्यावर जातो. सगळेच गिअर कधी ना कधी निसटत असतील, तर कारण बहुधा बॉक्सच्या बाहेर असते : लिंकेज (दांड्यापासून बॉक्सपर्यंतची जोडणी), माऊंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते रबर) किंवा क्लच. इतका साधा हिशोब असूनही तो फार थोड्या ठिकाणी मांडला जातो.

फक्त खराब रस्त्यावरच निसटतो. मग दोष रस्त्याचा म्हणायचा का?

रस्ता दोष निर्माण करत नाही, तो दोष उघडा पाडतो. काळ्या मातीतली पांदण पावसाळ्यात चाकोऱ्यांनी फाटते आणि वाळल्यावर त्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात. अशा रस्त्यावर दांड्याला सतत हिसके बसतात. डिटेंटची स्प्रिंग मरगळली असेल किंवा सळईची खाच झिजून उथळ झाली असेल, तर तेवढे हिसके गिअर बाहेर काढण्यास पुरतात. दांड्यावर हौसेने बसवलेली जड धातूची मूठ असेल, तर ती आधी काढून मूळची हलकी मूठ लावावी. लांब दांड्याच्या टोकावरचे वजन प्रत्येक खड्ड्यात दांड्याला झोका देते. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे उभे, बसवलेल्या अनेक गाड्यांत डिटेंटची गोळी आणि स्प्रिंग बाहेरच्या एका बोल्टाखाली असते आणि बॉक्स न उतरवता ती तपासता येते. ज्या गाडीत अशी सोय आहे, तिथे ही तपासणी न करता बॉक्स उतरवू देऊ नये.

माऊंटिंग, म्हणजे फाउंडेशनचे रबर, खराब असल्यास गिअर निसटतो का?

काही गाड्यांत हमखास निसटतो, काहींत क्वचित. जुन्या मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन आडवे असते आणि दांडा बॉडीला बसवलेला असून रॉडने बॉक्सला जोडलेला असतो. रबर फाटले की ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन मागे कलते, सोडताच पुढे येते, आणि प्रत्येक वेळी तो रॉड गिअरला ओढतो. केबलच्या गाड्यांत हा परिणाम कमी असतो. बोलेरोसारख्या गाडीत इंजिन उभे आणि दांडा थेट बॉक्सवर असतो, त्यामुळे बॉक्स हलला तर दांडाही त्याच्यासोबतच हलतो. तिथे रबरामुळे गिअर निसटायचा असेल, तर हलणारा दांडा फ्लोअरच्या कडेला किंवा कन्सोलला अडत असला पाहिजे.

तपासण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चालकाने पायाचा ब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर घालावा आणि क्लच अगदी थोडा सोडून इंजिनावर ताण आणावा. दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून, गाडीच्या समोर कदापि नाही, इंजिन किती उचलले जाते ते पाहावे. नंतर रिव्हर्स घालून तेच करावे. थोडे हलणे स्वाभाविक आहे; इंजिन उडी मारल्यासारखे हलले आणि "धप्प" असा आवाज आला, तर रबर गेले आहे.

बॉक्स न उतरवता आणखी काय तपासता येते?

इंजिन बंद असताना प्रत्येक गिअर घालून दांडा हलक्या हाताने पुढे-मागे हलवावा. एका गिअरमध्ये दांडा इतरांपेक्षा कमी आत जात असेल, तर गिअर पूर्ण बसतच नाही असे समजावे. दांड्याचे चामडी कव्हर दुमडून अडत आहे का, नव्याने बसवलेला आर्मरेस्ट किंवा जाड मॅट आड येते का, हे पाहावे. ऐकायला हे हास्यास्पद वाटते, पण पूर्ण न बसलेला गिअर दात्यांच्या टोकांवरच भार घेतो आणि काही महिन्यांत ती टोके खरोखरच गोल करतो. म्हणजे एका मॅटपासून सुरू झालेला त्रास गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो.

त्यानंतर लिंकेजचे बुश, केबलची टोके आणि ॲडजस्टमेंट पाहावी. क्लच पूर्ण सुटतो का हेही पाहावे, कारण अर्धवट सुटणाऱ्या क्लचमुळेही गिअर अर्धाच पडतो. इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये क्लच न दाबता घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून बॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टच्या) किंवा त्याच्या जोडीने फिरणाऱ्या ले शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. आवाज उलट क्लच दाबल्यावरच येत असेल, तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असण्याची शक्यता अधिक.

क्लच-प्लेट बदलल्यापासून फक्त चौथा गिअर निसटू लागला. हा योगायोग आहे का?

बहुधा नाही. इंजिन उभे असलेल्या अनेक पाच गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्यात इनपुट शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा मेन शाफ्ट स्लीव्हने एकमेकांना सरळ जोडले जातात. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील, तर प्रत्येक फेऱ्यात स्लीव्ह किंचित डोलते आणि डोलत डोलत बाहेर सरकते. बॉक्स पुन्हा चढवताना इंजिन आणि बेल हाउसिंग (क्लचवरचे कवच) यांच्यामधल्या डॉवेल पिना, म्हणजे दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या, विसरल्या असतील, दोन तोंडांमध्ये माती किंवा तार अडकली असेल, बोल्ट सैल राहिले असतील, अथवा फ्लायव्हीलमधले छोटे पायलट बेअरिंग खराब झाले असेल, तर नेमके हेच घडते. ज्याने काम केले त्याच्याकडेच गाडी परत न्यावी आणि डॉवेल पिनांबद्दल थेट विचारावे.

मिस्त्री म्हणतो पितळी रिंगा बदलल्या की निसटणे थांबेल. हे खरे आहे का?

सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगेचे काम गिअर पडण्यापूर्वीचे असते : ती दोन भागांचा वेग सारखा करते. ती झिजली की गिअर घालताना खरखर होते. गिअर पडून गेल्यावर त्याला धरून ठेवण्यात तिचा वाटा जवळजवळ नसतो. केवळ खरखर असेल, तर रिंग. पडलेला गिअर निसटत असेल, तर स्लीव्ह, हब (स्लीव्ह ज्यावर सरकते तो मधला भाग) आणि डॉग. दोन्ही त्रास एकत्र असू शकतात, कारण खरखरणाऱ्या गिअरमध्ये स्लीव्ह प्रत्येक वेळी दात्यांच्या टोकांवर घासते. मात्र अशा वेळी नुसत्या रिंगा बदलून खर्च वाया जातो.

बॉक्स खोलल्यावर स्लीव्ह हातात घेऊन उन्हात धरावी. चांगल्या दात्याचे टोक दोन उतारांचे, धारदार असते आणि बाजूवरून नख फिरवल्यास ते टोकाजवळ किंचित अडते. खराब दात्याचे टोक बोथट, आरशासारखे चकाकणारे असते आणि नख कुठेही न अडता घसरून जाते. हे आपण स्वतः पाहावे. त्यासाठी मिस्त्री असावे लागत नाही.

कोणते भाग जोडीने बदलावेत?

स्लीव्ह आणि तिचा हब एकत्र बदलावेत, आणि ज्या गिअरचे डॉग दाते गोल झाले आहेत तो गिअरही त्याच वेळी बदलावा. नवी स्लीव्ह झिजलेल्या डॉगवर बसवली, तर ती लवकरच त्याच्यासारखी होते. फोर्कची जाडी आणि स्लीव्हच्या खाचेतील त्याची मोकळीक फीलर गेजने मोजून त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावी. बेअरिंग बाहेर काढलेच असेल, तर तेच परत घालण्यात शहाणपण नाही.

झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंग करून लेथवर घासून घेतले तर चालेल का?

चालणार नाही. या दात्यांना उष्णतेने वरचा कठीण थर दिलेला असतो. वेल्डिंगने तो जातो आणि उलटा उतार हाताने घासून तसाच आणता येत नाही.

बॉक्सचे काम झाल्यानंतरच गिअर निसटू लागला. काय राहिले असेल?

स्लीव्ह किंवा हब उलटा बसवला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पण नसतात. खोलण्यापूर्वी खूण केली असेल, तर ही चूक होत नाही. याशिवाय सर्कलिप (भाग अडवून धरणारी स्प्रिंगसारखी कडी) खाचेत न बसणे, शिम (मोकळीक भरणारी पातळ चकती) कमी पडणे, मेन शाफ्टचा नट पुरेसा न आवळणे, डिटेंटच्या दोन वेगवेगळ्या लांबीच्या स्प्रिंगांची अदलाबदल होणे, ही कारणे पाहावीत.

तेलाचा याच्याशी किती संबंध आहे?

तेल कमी झाल्याने गिअर लगेच निसटत नाही. तेल कमी राहिल्याने बेअरिंग आणि दाते झिजतात आणि मग निसटतो. तेल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्यावे, कारण त्यात बॉक्सचा सगळा इतिहास असतो. चुंबकाच्या बोल्टावर करडी, लोण्यासारखी बारीक पूड असणे सामान्य आहे. सोनेरी कण रिंगांचे असतात. हाताला टोचणारे पोलादी तुकडे दिसले, तर गाडी चालवणे तिथेच थांबवावे. तेल दुधाळ चहासारखे झाले असेल, तर पाणी शिरले आहे. पुराच्या नाल्यातून गाडी काढल्यावर तापलेला बॉक्स एकदम थंड होतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्यायेण्याच्या छिद्रातून, पाणी आत ओढतो.

"नव्वद नंबर टाका" एवढ्यावर तेल घेऊ नये. ८०डब्ल्यू-९० की ७५डब्ल्यू-९०, आणि जीएल-४ की जीएल-५, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. काही जीएल-५ तेलांतील गंधकयुक्त घटक पितळी रिंगांना बाधतात आणि त्या तेलात रिंगेची पकडही कमी पडते. जाड तेल टाकून आवाज दाबला जातो, निसटणे थांबत नाही.

ट्रॅक्टरमध्येही हेच सगळे लागू पडते का?

बरेचसे लागू पडते, काही वेगळे आहे. जुन्या पद्धतीच्या बॉक्समध्ये स्लीव्ह नसते, संपूर्ण गिअरच सरकून दुसऱ्यात बसतो. तिथे गिअरच्या दात्यांची टोकेच तिरकी झिजतात आणि तो गिअरच बदलावा लागतो. हाय-लोचा, म्हणजे जलद आणि मंद टप्पा निवडण्याचा, दांडा वेगळा असल्याने निसटला कोणता, मुख्य गिअर की हाय-लो, हे आधी पाहावे. दोन्ही वेळा ट्रॅक्टर सारखाच मोकळा सुटतो आणि चालकाची फसगत होते. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते, त्यामुळे तेथे जीपचे तेल चालत नाही.

उसाच्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर गिअर निसटला, तर ट्रॉल्यांचे वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलते, आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. रस्त्यावर असताना दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीने जोडलेली असावीत. एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो. ज्या ट्रॅक्टरचा गिअर निसटतो, त्याने कारखान्याची फेरी करू नये, मग टोळी थांबून राहिली तरी चालेल.

केवळ रिव्हर्स निसटतो. दुर्लक्ष केले तर?

काही काळ निभावते. अनेक गाड्यांत रिव्हर्सचा गिअर सरकणारा असतो आणि गाडी पूर्ण न थांबता तो टाकल्याने त्याची टोके झिजतात. आयडलर गिअरचा, म्हणजे फिरण्याची दिशा उलटवणाऱ्या मधल्या गिअरचा, बुशही पाहावा. तुटलेल्या दात्याचा तुकडा इतर गिअरांत गेला, तर दुर्लक्ष महागात पडते.

दांडा सायकलच्या ट्यूबने सीटला बांधून, किंवा गुडघ्याने दाबून काही दिवस काढता येतील का?

हा उपाय अनेक गाड्यांत दिसतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. दाते स्लीव्हला बाहेर ढकलत असतात आणि आपण बाहेरून ती आत दाबत असतो. मध्ये भरडला जातो तो फोर्क. स्थिर फोर्क फिरत्या स्लीव्हच्या खाचेत सतत घासून तापतो, झिजतो आणि कधी वाकतो. मग दात्यांच्या कामात फोर्कचीही भर पडते. गाडी चालवताना दांड्यावर हात ठेवून बसण्याच्या सवयीनेही हेच घडते, फक्त सावकाश.

जुनी गाडी विकत घेताना हा दोष कसा पकडावा?

मालकाला गाडी चालवू द्यावी आणि त्याचा डावा हात पाहावा. एखाद्याच गिअरमध्ये तो दांडा धरून ठेवत असेल, तर तो गिअर आपण स्वतः हात न लावता, ओढून आणि पाय काढून, वर सांगितल्याप्रमाणे तपासावा. गाडी तापल्यानंतरच ही तपासणी करावी, कारण थंड, घट्ट तेलात हा दोष काही वेळा लपून राहतो.